राजधानी पाहायला जाताना

(मराठवाड्यातल्या कार्यकर्त्यांची अभ्याससहल मुंबईला विधानभवन पाहायला जाणार होती. त्याआधी छत्रपती संभाजीनगर इथे झालेल्या बैठकीतलं हे भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



विधानभवन पाहायला जायचं ठरलं तेव्हा आपल्यातच दोन मतं होती. काही जणी म्हणाल्या, दोन दिवसांची मजुरी बुडवून, गाडीभाडं घालून इमारत काय पाहायची? आमदार तर मतं मागायला दारात येतातच. दुसऱ्या काही जणींना वाटत होतं, आयुष्यात एकदा तरी ती जागा डोळ्यांनी पाहावी. मला दोन्ही मतं पटतात. नुसती इमारत पाहायची असेल तर जाऊच नये. पण आपल्यावर चालणारे कायदे कुठे होतात, तिथे कोण बसतं, आणि आपण कुठपर्यंत पोचू शकतो हे तपासायला जायचं असेल, तर जरूर जावं. म्हणून जाण्यापूर्वी चार गोष्टी बोलून घेऊ.

पहिली गोष्ट. राजधानी आपल्याला नवी नाही. आपण राजधानीतच राहतो. देवगिरी ही यादवांची राजधानी. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी तिथे हलवली आणि तिचं दौलताबाद झालं. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली. १६५३ नंतर औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना तिचं औरंगाबाद झालं. पहिला निजाम इथूनच कारभार पाहत होता. १७६३ मध्ये राजधानी हैदराबादला गेली. आता शहराचं नाव पुन्हा बदललं आहे. नावं बदलली, राज्यं बदलली, पण एक गोष्ट पाहा. दौलताबादच्या किल्ल्यावर शाळेच्या सहली जातात. खंदक दाखवतात, अंधारी दाखवतात, तोफ दाखवतात. त्या किल्ल्यात दळण कोण दळत होतं, हत्ती हौदातलं पाणी वर कोण नेत होतं, हे कोणी सांगत नाही. शहरात सगळ्यात प्रसिद्ध इमारत बाईच्या नावाची आहे, बीबी का मकबरा. ती दिलरस बानूची कबर आहे. म्हणजे राजधानीच्या इतिहासात बाईला जागा मिळाली ती मेल्यावर.

पण याच शहरात दुसरंही एक उदाहरण आहे. मलिक अंबरचा नौखंडा महाल. पुढे निजामाचं वास्तव्य तिथेच होतं. आज त्या आवारात मुलींचं महाविद्यालय आहे. जिथे जनानखाना होता तिथे मुली पुस्तकं घेऊन जातात. हा बदल आपोआप झालेला नाही. कोणीतरी शाळा काढल्या, कोणीतरी मुलींना पाठवलं, कोणीतरी घरात भांडण केलं. राजधानीच्या जागा आपल्या होऊ शकतात, एवढंच मला यातून सांगायचं आहे.

आणखी एक. मलिक अंबरने राजधानी वसवली तेव्हा आधी पाण्याची सोय केली. डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नळांनी शहरात आणलं. नहर-ए-अंबरी म्हणतात ती हीच. राज्यकर्त्याला पाण्यावाचून राजधानी चालत नाही हे कळत होतं. आपल्या वस्त्यांमध्ये नळाला पाणी किती दिवसांनी येतं याची वही बायकांच्या डोक्यात असते. तेव्हा राजधानी म्हणजे काय, याची माझी व्याख्या साधी आहे. जिथे पाण्याचा, जमिनीचा आणि पैशाचा निर्णय होतो ती राजधानी. तो निर्णय करताना आपण तिथे असतो का, हा प्रश्न.

आता दुसरी गोष्ट, अंतराची. १९५६ पर्यंत मराठवाड्याची राजधानी हैदराबाद होती. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. मुंबई इलाख्यातल्या स्त्रियांना मालमत्तेच्या अटीवर का होईना, १९२१ मध्ये कौन्सिलसाठी मताचा हक्क मिळाला होता. मराठवाड्यातल्या सर्वसाधारण बाईने विधानसभेसाठी पहिलं मत टाकलं ते १९५२ च्या निवडणुकीत. तीस वर्षांचं अंतर. आजही मुंबई इथून साडेतीनशे किलोमीटर आहे. आपण ज्या गाडीने जाणार ती हैदराबादकडून मुंबईला जाणारी देवगिरी एक्स्प्रेस. दोन राजधान्या जोडणाऱ्या गाडीला तिसऱ्या, बुडालेल्या राजधानीचं नाव आहे. आपण त्या तिघींच्या मधोमध राहणारी माणसं.

अंतर कमी करता येतं, हेही आपल्याच शहराने दाखवलं आहे. लोकांनी वर्षानुवर्षं मागणी केली तेव्हा १९८१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ इथे सुरू झालं. पोटगीच्या अपिलासाठी मुंबईला जाणं आणि इथे जाणं यातला फरक आपल्या सल्ला केंद्रावर येणाऱ्या बायकांना विचारा. १६ सप्टेंबर २०२३ ला मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवानिमित्त मंत्रिमंडळाची बैठक इथे झाली. सरकार येऊ शकतं. मात्र एका दिवसासाठी येतं, जाहीर करून जातं. पुढे काय झालं हे विचारायला पुन्हा आपल्यालाच जावं लागतं.

आता मुंबईत उतरल्यावर काय पाहायचं ते सांगते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून आपण पायीच जाऊ. तो रस्ता हाच खरा इतिहास आहे.

स्टेशनसमोरच आझाद मैदान. मुंबईत आज मोर्चा निघाला की इथेच अडवला जातो. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून हजारो शेतकरी आणि आदिवासी चालत आले ते इथेच थांबले. त्यात बाया किती होत्या आणि त्यांच्या तळपायांचं काय झालं होतं हे फोटो तुम्ही पाहिले आहेत. कसणाऱ्याच्या नावावर वनजमीन, ही त्यांची मागणी. दहावीच्या मुलांची परीक्षा बुडू नये म्हणून ती माणसं रात्री चालली. राजधानीने त्यांचं कौतुक केलं. पण विधानभवन मैदानापासून दोन-अडीच किलोमीटरवर असूनही मोर्चाला तिथपर्यंत जाता येत नाही. हे अंतर आपण चालून मोजायचं.

पुढे हुतात्मा चौक. २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्रासाठी कौन्सिल हॉलकडे निघालेल्या मोर्चावर इथे गोळीबार झाला. या लढ्यात शंभरावर माणसं गेली. स्मारकावर मशाल घेतलेला कामगार आणि शेतकरी आहे. बाई नाही. अहिल्याताई रांगणेकरांसारख्या बायका त्या लढ्यात रस्त्यावर होत्या, तुरुंगात गेल्या. तेव्हा पुतळ्यासमोर उभं राहून कोण नाही ते मोजायचं. ही सवय आपल्याला विधानभवनातही उपयोगी पडेल.

तिथून काळा घोडा ओलांडून रीगल सिनेमाच्या चौकात यायचं. तिथली जुनी दगडी इमारत म्हणजे एके काळचं खलाशांचं विश्रामगृह, नंतरचा कौन्सिल हॉल. १९८१ मध्ये नवं विधानभवन होईपर्यंत मुंबईतली अधिवेशनं तिथे भरत. आज तिथे राज्याच्या पोलिसांचं मुख्यालय आहे. आपण मराठवाड्यातल्या बायकांनी तिथे जरा जास्त वेळ थांबायचं. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव दोन्ही सभागृहांनी मंजूर केला. आणि त्याच्यापाठोपाठ आपल्या गावागावांत दलित वस्त्या पेटल्या. घरं जळाली, माणसं मारली गेली, बायकांवर अत्याचार झाले, लोक परागंदा झाले. ठराव मुंबईत झाला, किंमत इथल्या वस्त्यांनी दिली. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला, साडेपंधरा वर्षांनी. सभागृहात हात वर करणं आणि गावात तो निर्णय टिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या बायकांनी त्या काळात पोरं उराशी धरून रात्री काढल्या त्यांना हे शिकवायला नको.

पण त्याच विधिमंडळाने दुसरंही पाहिलं आहे. १९२८ मध्ये मुंबईच्या कौन्सिलमध्ये गिरणी कामगार बायकांना बाळंतपणाची रजा आणि भत्ता द्यायचं विधेयक आलं. बाबासाहेब तेव्हा सभासद होते. त्यांनी त्याच्या बाजूने भाषण केलं. बाईला बाळंतपणात विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे आणि म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ मध्ये कायदा झाला, देशातला या प्रकारचा पहिला. त्या सभागृहात तेव्हा एकही गिरणी कामगार बाई नव्हती. तिच्या बाजूने बोलणारा एक माणूस होता, आणि बाहेर कामगारांची चळवळ होती.

त्या चौकातून मादाम कामा रोडने मंत्रालय आणि मग विधानभवन. भिकाजी कामांनी १९०७ मध्ये श्टुटगार्टला भारताचा झेंडा फडकवला. राज्याच्या सत्तेकडे जाणारा रस्ता तरी एका बाईच्या नावाचा आहे, असं म्हणायला हरकत नाही. वाटेत एक पाहणी करायची. बायकांसाठी मुतारी कुठे आहे, फुकट आहे का, दाराला कडी आहे का. हसू नका. मुंबईतल्या संघटनांनी २०११ पासून ‘राइट टू पी’ची मोहीम याच प्रश्नावर चालवली. राजधानीत दिवसभर काम घेऊन आलेल्या बाईला पाणी न पिता बसावं लागत असेल, तर ती राजधानी तिच्यासाठी बांधलेली नाही.

आता विधानभवन. समुद्रात भर घालून केलेल्या जमिनीवरची ही इमारत. आवारात शिवाजी महाराजांचा पुतळा आहे. पायऱ्या पाहून घ्या. अधिवेशनात विरोधी आमदार फलक घेऊन घोषणा देतात त्या याच. आमदारांना पायरीवर घोषणा चालते, आपल्याला मैदानाबाहेर चालत नाही.

सभागृहात गेलात की खुर्च्यांकडे पाहा. विधानसभेच्या जागा २८८, विधान परिषदेच्या ७८. २०१९ च्या निवडणुकीत विधानसभेवर २४ बायका आल्या. २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’चा एवढा गाजावाजा झाला, आणि निवडून आलेल्या बायकांचा आकडा त्याहूनही खाली गेला. १९६० पासून इथे एकही स्त्री मुख्यमंत्री झाली नाही. २०२३ मध्ये संसदेने विधानसभांमध्ये एक तृतीयांश जागा राखून ठेवणारी घटनादुरुस्ती केली. पण ती जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेला बांधून ठेवली. आजच्या हिशेबाने एक तृतीयांश म्हणजे ९६ खुर्च्या. गॅलरीत बसलात की मनातल्या मनात ९६ खुर्च्या मोजा. ओळीच्या ओळी होतात. आपल्या ग्रामपंचायतींमध्ये १९९० पासून राखीव जागा आल्या, २०११ मध्ये त्या निम्म्या झाल्या. तेव्हाही लोक म्हणाले होते, बायकांना काय कळतं. मराठवाड्यात आज कितीतरी बाया सरपंच म्हणून ग्रामसेवकाला हिशेब विचारतात.

खुर्चीवर बाई बसली की इमारतीलाही बदलावं लागतं. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनाला सरोज अहिरे या आमदार अडीच महिन्यांचं बाळ घेऊन आल्या. तेव्हा कुठे विधानभवनात बाळाला पाजायला, झोपवायला जागा नाही हे सगळ्यांच्या लक्षात आलं. मग हिरकणी कक्ष झाला. पुढच्या अधिवेशनाला मुंबईत त्या आल्या तेव्हा तिथल्या कक्षाची सोय धड नव्हती आणि त्यांना ते जाहीरपणे सांगावं लागलं. हिरकणीची गोष्ट आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. रायगड ही राजधानी, दूध विकायला वर गेलेली गवळण, दिवस मावळला, दरवाजे बंद, आणि घरी तान्हं बाळ. ती कडा उतरून गेली. आपण तिच्या धाडसाचं कौतुक करतो, बुरुजाला तिचं नाव आहे. पण मला दरवाजाबद्दल बोलायचं आहे. राजधानीचे नियम तान्हं बाळ असलेल्या बाईला धरून केले नव्हते, म्हणून तिला कडा उतरावा लागला. आमदार बाईला जे मिळालं ते ऊसतोड करणाऱ्या, बांधकामावर विटा वाहणाऱ्या, पहाटे कचरा वेचणाऱ्या बाईला कधी मिळणार? एका कक्षाला नाव देऊन हे भागत नाही.

आता काही जणी म्हणतील, एवढं सगळं उलटंच आहे तर तिथे आपल्यासाठी झालं तरी काय? झालं आहे, आणि ते विसरू नये. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या बायकांनी खडी फोडली. त्यातून रोजगार हमीचा विचार पक्का झाला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे त्यामागे होते, आणि रस्त्यावर शेतमजुरांचे मोर्चे होते. १९७७ मध्ये कायदा मंजूर झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. बाईला आणि पुरुषाला सारखी मजुरी आणि कामावर पाळणाघर हे त्यात कागदावर आलं. १९८८ मध्ये गर्भलिंग तपासणीवर बंदी आणणारा देशातला पहिला कायदा याच राज्याने केला, तो मुंबईतल्या स्त्री संघटनांनी आणि डॉक्टर मित्रांनी लावून धरला म्हणून. २२ जून १९९४ पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा जन्मतः वाटा मिळाला. पण त्यात बारीक अक्षरात होतं की त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलीला नाही. ती अट केंद्राच्या कायद्याने २००५ मध्ये गेली. म्हणून म्हणते, कायद्याचं नाव ऐकून टाळ्या वाजवायच्या नाहीत, आतली कलमं वाचायची.

अगदी अलीकडचं आपलं उदाहरण घ्या. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जात होत्या. आपण कार्यकर्त्या गावोगाव हे ऐकत होतो. २०१९ मध्ये विषय विधान परिषदेत आला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींच्या गर्भपिशव्या काढल्याचं समोर आलं. जी गोष्ट चुलीजवळ कुजबुजत सांगितली जात होती ती सरकारी कागदावर आकडा होऊन आली. आकड्याने पिशवी परत येत नाही. पण आकडा असला की कोणी नाही म्हणू शकत नाही.

हे सगळं बोलायचं कारण की दरवाजे पुन्हा अरुंद होत आहेत. जुलै २०२५ मध्ये विधानभवनाच्या लॉबीत दोन आमदारांच्या समर्थकांची हाणामारी झाली. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी अधिवेशन काळात अभ्यागतांच्या प्रवेशावर निर्बंध जाहीर केले. सदस्य, त्यांचे अधिकृत सहायक आणि अधिकारी, एवढ्यांनाच प्रवेश. मारामारी कोणी केली? त्यात शेतमजूर बाई होती का? अंगणवाडी सेविका होती का? पुरुषांनी गोंधळ घालायचा आणि दार बायकांसाठी लागायचं, हे आपण घरात, कॉलेजात, जत्रेत पाहिलं आहे. सुरक्षिततेला आपला विरोध नाही. पण अधिवेशन चालू असताना सामान्य माणसाला प्रेक्षक म्हणून, निवेदन घेऊन आत येता आलं पाहिजे, ही मागणी आपण लेखी करायची.

दार अरुंद झालं की काय होतं हे नागपूरला विचारा. २३ नोव्हेंबर १९९४ ला हिवाळी अधिवेशनाच्या वेळी गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनाच्या वाटेवर अडवून धरला होता. दिवसभर कोणी मंत्री भेटायला आला नाही. चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले. त्यात बाया आणि लहान मुलं मोठ्या संख्येने होती. झिरो माइलजवळ त्यांचं स्मारक आहे. नागपूरला गेलात तर तिथे जरूर जा. राजधानीच्या आवारातलं ते सगळ्यात खरं स्मारक आहे.

शेवटी कामाचं बोलू. प्रत्येक गटाने एक प्रश्न लिहून न्यायचा, एकच, आकड्यासकट. आमच्या गावातल्या उपकेंद्रात नर्स किती महिने नाही, पाळणाघर किती कामांवर होतं, संरक्षण अधिकाऱ्याकडे किती तालुके आहेत. आपल्या मतदारसंघाच्या आमदाराला तो तारांकित प्रश्न म्हणून विचारायला सांगायचं आणि विचारला की नाही हे कामकाजाच्या कागदावर पाहायचं. विधिमंडळाची विनंती अर्ज समिती आहे, महिलांच्या हक्कांसाठीची समिती आहे. त्या जिल्ह्यात दौऱ्यावर येतात तेव्हा विश्रामगृहावर हारतुरे घेऊन पुढारी उभे असतात. त्या दिवशी आपणही तिथे असलं पाहिजे. ओळखपत्र बरोबर ठेवा. गॅलरीत बोलता येत नाही, घोषणा देता येत नाही, पण डोळे आणि कान कोणी काढून घेत नाही. परत आल्यावर प्रत्येकीने आपल्या वस्तीत बैठक घ्यायची आणि तिथे काय ऐकलं, कोण बोललं, कोण झोपलं होतं, ते सांगायचं.

ज्यांना कोणाला मजुरी बुडेल म्हणून येता येत नाही त्यांची नावं आजच द्या. त्यांच्या दोन दिवसांच्या मजुरीसाठी आपण वर्गणी काढू. ज्यांचं तान्हं बाळ आहे त्यांनी बाळासकट यायचं. आत घेत नाहीत का ते बघू.